पाना-पक्कड घेताय? नावाआधी पाणी जोखा, या चुका टाळा

गच्चीवरच्या पाण्याच्या मोटरचा एक बोल्ट गंजला होता. आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट, डोकं १३चं. हाताशी होता तो स्क्रू पाना (जबडा सरकवून मापाला लावायचा पाना) लावला आणि जोर दिला. पाना घसरला, माझी बोटं कठड्यावर खरवडली आणि षटकोनी डोक्याचा गोल लाडू झाला. पाना चकचकीत होता, नाव चांगलं ऐकलेलं होतं, दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं ठसठशीत कोरलेलं होतं. उजेडात धरून जबडा हलवून पाहिला, तर तो सैल दातासारखा हलत होता. हे मी दुकानात पाहायला हवं होतं.

कारखान्यात देखभाल विभागात बरीच वर्षं काढलेल्या माणसाने असं सांगणं लाजिरवाणं आहे खरं. पण कारखान्यात हत्यारं स्टोअरमधून यायची, निवडायची वेळ क्वचितच आली. घरासाठी घ्यायला लागलो तेव्हा बाकी सगळे करतात त्याच चुका मीही केल्या.

नावावरून अख्खी पेटी भरणे

‘टपारिया चांगली की स्टॅनली?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. मी उलट विचारतो, ‘काय घ्यायचंय?’ कारण पक्कड, मेजर टेप आणि कानस ही तीन वेगळ्या धंद्यांची लेकरं आहेत. एकीत घडाई महत्त्वाची, दुसरीत पट्टी आणि तिच्यावरची छपाई, तिसरीत फक्त दाते आणि त्यांचा कडकपणा.

टपारिया आमच्या नाशिकची, सातपूरच्या एमआयडीसीतली. १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिथे हत्यारं बनू लागली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फिक्स आणि रिंग पाने यांत तिच्या किमतीला तिच्याइतका माल मिळणं अवघड, असं माझं मत आहे. यात गाववाल्याचा अभिमान थोडा मिसळलेला असेल, तेवढा वजा करून घ्या. मेजर टेप घ्यायची तर मी लुधियानाच्या फ्रीमन्सकडे वळतो. कटर-सुरी किंवा हातरंध्याला स्टॅनली बघतो. जर्मनीच्या वुपरटाल गावची क्निपेक्स १८८२पासून मुख्यतः पकडीच बनवत आली आहे, आणि तिची पक्कड एकदा हातात घेतली की ते कळतं. पण किंमत आपल्या पकडीच्या कित्येक पट. रोज पन्नास वायरी कापणाऱ्या वायरमनला ती परवडेल. मला वर्षातून चारदा पक्कड लागते, मला नाही.

म्हणजे ‘पैसे वसूल’ याचा हिशोब हत्यारावर कमी आणि वापरावर जास्त ठरतो. दिवाळीत एकदा पडद्याचा रॉड लावणाऱ्याने महागडा संच घेणं जितकं चूक, तितकंच रोजच्या पोटापाण्याच्या कामाला फुटपाथवरची पक्कड घेणं चूक.

‘क्रोम व्हॅनेडियम’ वाचून भुलणे

हा शिक्का खोटा असतो असं नाही, पण तो सांगतो फार थोडं. या पोलादात क्रोमियम साधारण एक टक्का आणि व्हॅनेडियम त्याहूनही कितीतरी कमी असतं. खरी करामत पुढची. लोहार त्याला ‘पाणी देणं’ म्हणतात: पोलाद लाल तापवायचं, तेलात किंवा पाण्यात बुडवायचं आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. एकाच पोलादाचे दोन पाने घ्या. एकाला पाणी जास्त झालं तर तो काचेसारखा तुटेल, दुसऱ्याला कमी झालं तर त्याचा जबडा फाकेल. शिक्का दोघांवर सारखाच.

पक्कड तर याहून अवघड. तिच्या कापायच्या धारेला जास्त कडक पाणी लागतं आणि बाकीच्या अंगाला चिवट. स्वस्त मालात हा फरक केलेलाच नसतो. मग तार कापली की धारेवर खाचा पडतात.

पाणी जोखायचं कसं? घरी जुनी पण धारदार कानस असेल तर तिचा कोपरा पकडीच्या धारेवर हलकेच ओढून बघा. कानस सटकली, नुसता ‘च्चर्र’ आवाज आला, तर धार कडक आहे. कानस चावली आणि कीस निघाला, तर ती पक्कड तारेपुढे टिकणार नाही. दुकानात हे करू नका, दुकानदार हाकलून देईल. तिथे करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

दुकानात हत्यार हातात न घेणे

माझा नेहमीचा हार्डवेअरवाला आता मला ओळखतो. ‘आलात का, काका? घ्या, उजेडात धरा,’ म्हणतो आणि एकाच मॉडेलच्या तीन पकडी समोर ठेवतो. तीनच का? कारण एकाच खोक्यातल्या तिन्ही सारख्या नसतात.

पक्कड मिटून ट्यूबलाइटकडे धरायची. कापायच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसली तर ती बाजूला. मग उघडझाप करायची: एका हाताने सहज उघडली पाहिजे, पण दोन्ही दांडे आडवे हलवले तर सांध्यात खेळ जाणवता कामा नये. शेवटी खिशातला कागद. धारेच्या टोकाशी, मध्ये आणि मुळाशी, तिन्ही ठिकाणी तो कापला गेला तर घ्यायची. या परीक्षेत नामांकित पक्कड नापास झालेली मी पाहिली आहे, आणि शेजारची, त्याच नावाची, पास झालेली.

स्क्रू पान्याला एवढंच: जबडा अर्धा उघडून अंगठ्याने वर-खाली हलवा. थोडा खेळ प्रत्येकात असतो, पण खडखडला तर ठेवून द्या. आजचा स्क्रू पाना मूळचा स्वीडनचा, योहानसन नावाच्या कारागिराने १८९२ मध्ये पेटंट घेतलेला. त्याची उणीव तेव्हापासून तीच आहे, सरकता जबडा. म्हणून पाना फिरवताना जोर स्थिर जबड्यावर यायला हवा, म्हणजे सरकत्या जबड्याच्या दिशेने फिरवायचं. मी गच्चीवर नेमका उलटा लावला होता. सगळा दोष पान्याचा नव्हता.

पाकीटही वाचा. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार त्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापावी लागते, आयात मालावर मूळ देशही. ओळखीचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात ‘विपणन’ दुसऱ्याचं, ‘उत्पादन’ तिसऱ्याचं, असं दिसलं तर नावाचे जास्त पैसे देण्याआधी विचार करा. एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली नावंही बाजारात असतात, स्पेलिंग दोनदा वाचावं.

नगांची संख्या मोजणे

‘४६ नगांचा संच, एवढ्याच रुपयांत!’ ही जाहिरात मोबाईलवर दिसली नाही असा माणूस विरळा. नग मोजून बघा. त्यातले निम्म्याहून अधिक इवलेसे बिट, म्हणजे ड्रायव्हरची सुटी टोकं, निघतील. गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, पाव इंची चौकटीच्या; चौकट म्हणजे रॅचेटचा (गोटी फिरवायच्या दांड्याचा) चौकोनी खुंट जिथे बसतो ते भोक. सायकल, मिक्सर, स्कूटरची पत्र्याची कव्हरं यांना उत्तम. गाडीच्या चाकाचा नट मात्र साधारण १०० न्यूटन-मीटरच्या (हे पिळाच्या जोराचं माप) आसपास आवळलेला असतो, तिथे हा रॅचेट लावला तर आतले दाते उडतील. मग लोक ब्रँडला शिव्या देतात. चाकाला अर्धा इंची चौकट हवी, ब्रँड कुठलाही असो.

संच घ्यायचाच तर दोन गोष्टी तपासा. गोट्या सहा कोनी आहेत की बारा कोनी? गंजलेल्या नटाला सहा कोनी बरी, ती कोपऱ्याऐवजी सपाट बाजूला पकडते. आणि मापं कुठली आहेत? आपल्या जपानी वळणाच्या दुचाक्यांना ८, १०, १२, १४ जास्त लागतात. मोटर आणि इतर यंत्रांत १३, १७, १९. दहा मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं कुठे १४चं, कुठे १६चं, कुठे १७चं असतं. १४ नसलेला संच घरी आणला, की पहिल्याच रविवारी पुन्हा दुकान गाठावं लागतं.

इथे आमच्या भाच्याची गोष्ट सांगायला हवी. तो न्यू जर्सीहून येताना मामासाठी गोट्यांची जड पेटी घेऊन आला. ‘मामा, लाइफटाइम वॉरंटी आहे!’ विमानात एवढं वजन आणलं म्हणून मी नुसता भारावलो. उघडली तर निम्मी मापं इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ती १३च्या नटावर बसतच नाही. ७/१६ म्हणजे ११.१, ती १०च्या नटावर ढिली होऊन कोपरे खाते. ३/४ म्हणजे १९.०५, ती मात्र १९ला चालून जाते. ५/१६ ही ८ला ओढूनताणून. आणि वॉरंटी? तिकडे दुकानात नेऊन बदलून मिळते म्हणे. सातपूरहून कुठे नेऊ? परदेशातून कोणी विचारलं ‘काय आणू?’ तर ‘फक्त मिलिमीटरचं’ एवढं आधी सांगा.

आपल्याकडचीही वॉरंटी बहुधा घडणीतल्या दोषापुरती असते, झिजेला नसते. बिल जपून ठेवा एवढंच.

स्क्रू बिघडला की ड्रायव्हरला दोष देणे

आपण सरसकट ‘स्टार’ म्हणतो त्या फुलीच्या स्क्रूंत निदान तीन जाती आहेत. फिलिप्स ही नेहमीची. पोझिड्राइव्हमध्ये मोठ्या फुलीच्या मधोमध तिरक्या चार बारीक रेघा दिसतात. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांना बहुतेकदा हेच स्क्रू असतात. तिसरी जपानी जात, तिच्या डोक्यावर कधी कधी बारीक ठिपका असतो. फिलिप्सचं टोक या दोघांत बसल्यासारखं वाटतं पण पूर्ण बसत नाही, आणि जोर लावला की उसळून बाहेर येतं. दोन-तीनदा उसळलं की फुलीची वाटी होते. शिवाय आकार: घरात बहुतेक स्क्रूंना २ नंबर लागतो आणि आपण पेटीत जो वर असेल तो उचलतो.

फुली घासायला लागली असेल तर थांबा. ड्रायव्हरच्या टोकाला गॅरेजवाल्यांकडची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावा. तिच्यातली कणी पकड देते. स्क्रू धातूत असेल तर ड्रायव्हर सरळ धरून मागून हातोडीचा एक नेमका ठोका द्या, मग दाबून फिरवा. दहातले सात-आठ निघतात, असा माझा अनुभव.

रबराचं कव्हर म्हणजे इन्सुलेशन समजणे

ही एक चूक जिवावर बेतते. दांड्यावरचं पातळ रंगीत प्लॅस्टिक हे पकडायला मऊ म्हणून असतं. विजेच्या कामाच्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अशी हत्यारं १०,००० व्होल्टला तपासलेली असतात. ही खूण असली तरी एमसीबी पाडूनच काम करा. कव्हरला चीर गेली की ती पक्कड विजेच्या कामातून बाद, नाव काहीही असो. आणि टेस्टरने स्क्रू आवळू नका. त्याची दांडी त्यासाठी नाही, आणि आतला दिवा बंद पडला की जिवंत वायर मेलेली दिसते.

चांगली मेजर टेप ‘दुरुस्त’ करणे

टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, थोडा हलतो. कितीतरी घरांत कोणीतरी तो ‘सैल झालाय’ म्हणून हातोडीने ठोकून घट्ट करतं. तो मुद्दामच सैल असतो. कडेला अडकवून ओढली की आकडा पुढे सरकतो, भिंतीला टेकवून दाबली की मागे. दोन्हींतला फरक आकड्याच्या जाडीइतका, म्हणजे दोन्हीकडून माप बरोबर. ठोकला की एक माप कायमचं चुकलं. दर्जा बघायचा तर पट्टीवर अचूकतेचा वर्ग सांगणारा रोमन दोन (II) शोधा. त्या वर्गाच्या ५ मीटर टेपला पूर्ण लांबीत १.३ मिलिमीटरची चूक माफ असते. रोमन एकला ०.६. सुताराला हा फरक लागतो, पडद्याच्या मापाला नाही.

राहता राहिला गच्चीवरचा तो गोल झालेला बोल्ट. पाना चालेना, पक्कड चालेना. शेवटी भाच्याच्या पेटीतली अर्धा इंची, सहा कोनी गोटी काढली. १३च्या डोक्याला बसत नाही म्हणून जिला नावं ठेवली होती तीच. झिजलेल्या डोक्यावर हातोडीने ठोकून बसवली, लांब रॅचेट लावला आणि बोल्ट करकरत फिरला. तेव्हापासून ती पेटी खाली उतरवलेली नाही, मोटरशेजारीच असते.