सोरोरिटीच्या घरात राहायची सक्ती: बिड घेण्याआधी एवढं विचारून घ्या

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात बीएस करायला गेले आणि पहिल्याच वर्षी सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या सदस्य-संघटनेत, शिरले. तिथे येण्याचं आमंत्रण म्हणजे बिड. ड्यूज (सदस्यशुल्क) किती, ते विचारलं होतं. ऑक्टोबरात मेल आला: दुसऱ्या वर्षी चॅप्टर हाऊसमध्ये (सोरोरिटीच्या इथल्या शाखेच्या घरात) राहणं बंधनकारक, करार ऑगस्ट ते मे, सही याच आठवड्यात. तोवर मी दोन मैत्रिणींबरोबर अपार्टमेंटचं डिपॉझिट भरून बसले होते. ते बुडालं.

सक्ती का, म्हणून विचारलं की ‘सिस्टरहूड’ असं उत्तर मिळतं. खरं गणित खाटांचं असतं. घर बहुधा माजी सदस्यांच्या हाऊस कॉर्पोरेशनच्या नावावर असतं. कर्जाचा हप्ता, विमा, छपराची दुरुस्ती, स्वयंपाकी, घर सांभाळणाऱ्या हाऊस मॉमचा पगार हे सगळं राहणाऱ्या मुलींवर वाटलं जातं. साठपैकी दहा खाटा रिकाम्या राहिल्या, तर त्यांचं भाडं उरलेल्या पन्नासजणींच्या डोक्यावर. अल्फा फाय या सोरोरिटीने १८८६ साली सिरॅक्यूजला स्वतःचं घर बांधलं, तेव्हा कॉलेजात मुलीच थोड्या आणि त्यांच्यासाठी सोयी त्याहून थोड्या. आता गावभर अपार्टमेंट्स आहेत, पण खाटा भरायच्याच आहेत.

राहणं वाईट नव्हतं, हेही सांगते. आमच्याकडे ‘कोल्ड डॉर्म’ होता: एका लांब खोलीत चाळीस मुली, बंक बेड, आणि बाहेर बर्फ असतानाही खिडक्या किलकिल्या. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, “अगं, हे तर लग्नघर!” परीक्षेच्या आदल्या रात्री स्टॅटिस्टिक्स समजावायला कोणीतरी जागी असायचीच. जेवणाचे मात्र हाल. शाकाहारी म्हणजे चीज सँडविच. मोठं स्वयंपाकघर आम्हाला बंद, आणि छोट्या किचनेटमध्ये मी एकदाच फोडणी दिली. अलार्म वाजला, साठजणी पायजम्यात रस्त्यावर. दारूबंदी मात्र कडक, ती या घरांत बहुतेक ठिकाणी असते. घरी सांगायला बरं!

सगळ्यात मोठा फटका डिसेंबरात बसला. सुट्टीत घराला कुलूप. बाकीच्या गाडी काढून आपापल्या गावी गेल्या. मी तीन आठवडे न्यू जर्सीत आईच्या मावसबहिणीकडे, सोफ्यावर. भारतातून येणाऱ्या मुलीने हा प्रश्न पहिला विचारावा. दुसरा पैशांचा: माझं भाडं विद्यापीठाच्या बिलात नव्हतं, कॉर्पोरेशनला वेगळं जायचं. त्यामुळे बँकेला शैक्षणिक कर्जातून ते द्यायला लावताना बाबांना चार खेपा पडल्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्या कमाईत हे भागत नाही. आणि पत्ता बदलला की १० दिवसांत इंटरनॅशनल ऑफिसला कळवा.

किती सत्रं राहावं लागेल, सूट कोणाला मिळते, मध्येच सोडलं तर उरलेलं भाडं कोण भरणार, हे रिक्रूटमेंटच्या (नव्या सदस्य निवडण्याच्या) फेऱ्यांतच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. रिक्रूटमेंटच्या शेवटी पसंतीक्रम देताना जो बांधून घेणारा कागद असतो, त्यावर सही करून नंतर बिड नाकारली, तर त्या कॅम्पसवरच्या पॅनहेलेनिक (एका राष्ट्रीय महासंघातल्या) सोरोरिटींचं दार पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत बंद. डेल्टा फाय ओमेगा, सिग्मा सिग्मा ऱ्हो अशा देसी मुलींच्या सोरोरिटींना (दोन्ही १९९८ च्या) बहुतेक ठिकाणी घरच नसतं, तिथे हा ताप नाही.

माझं मत? पदाधिकाऱ्यांनी राहावं, बाकीच्यांना सक्ती नको. ज्या घरात राहावंसं वाटतं, तिथे खाटा आपोआप भरतात. तिसऱ्या वर्षी मी घरातून बाहेर पडले, पार्लर फी (घरात न राहणाऱ्या सदस्यांनी घर वापरायची फी) तेवढी भरत राहिले. सोमवारच्या चॅप्टर मीटिंगआधी जेवणाला मात्र मीच सगळ्यात आधी हजर असायचे, पर्समध्ये लसणाच्या चटणीची डबी घेऊन.