जेट बदलायच्या आधी: जुन्या बाइकचा कार्ब ट्यून करताना या चुका टाळा

फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, एअरबॉक्स काढून कोन फिल्टर बसवला, आणि आता गाडी सिग्नलला बंद पडते, थ्रॉटल सोडला की मागून फटफट करते, पिकअपला अडखळते. जुनी आरएक्स १००, बुलेट किंवा सीबीझेड असो, यावर गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं: "मेन जेट मोठा टाकू." जेट म्हणजे कार्बमध्ये (कार्ब्युरेटरमध्ये) पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी. मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा इलाज बहुतेक वेळा भलत्याच जागी होतो.

मेन जेटचा खरा अंमल थ्रॉटल पाऊणच्या पुढे गेल्यावर सुरू होतो. पावपर्यंत कारभार पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रूचा, आणि मधल्या पट्ट्यात नीडल (कार्बमधली निमुळती सुई) आणि तिची उंची ठरवणाऱ्या क्लिपचा. आता संध्याकाळी सायनहून दादरला येताना पाऊण थ्रॉटल किती वेळा उघडता, ते स्वतःलाच विचारा. गाडी अडखळते ती पायलटच्या हद्दीत आणि खर्च होतो मेन जेटवर.

त्यामुळे आधी तक्रार नेमकी कुठे आहे ते पकडा. थ्रॉटलच्या ग्रिपवर पांढरी टेप गुंडाळा, शेजारच्या स्विचच्या डब्यावर पेनाने एक रेघ मारा, आणि टेपवर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मिसिंग येतं तेव्हा कोणती खूण रेघेसमोर आहे ते पाहा. स्पीडोमीटरवरून काही कळत नाही. चौथ्या गिअरमध्ये पन्नासनेही तुम्ही जेमतेम पाव थ्रॉटलवर असू शकता.

गळतीवर जेटचा उतारा

दुसरी चूक याहून महाग पडते. जुन्या गाडीचं कार्ब आणि इंजिनमधलं इनटेक रबर वरून धडधाकट दिसतं. ते काढून हातात वाकवा. घडीच्या आत बारीक भेगा उघडतात. तिथून चोरून हवा आत जाते आणि गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. स्लो (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनचा वेग) कधी चढतो, कधी पडतो. अशा गाडीत मोठा जेट टाकला तर महिनाभर बरं वाटेल, मग भेग वाढली की पुन्हा तेच. इंजिन स्लोवर ठेवून जोडाभोवती साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. सायलेन्सर जिथे हेडला बसतो तिथलं गॅस्केटही बघा. बाजारातल्या सायलेन्सरची फ्लँज अनेकदा नीट बसत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या फटफटीला सगळे "लीन झाली" म्हणतात.

कार्बमधली पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या फ्लोटची उंची, टाकीच्या कॉकची जाळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक हेही आधीच तपासून घ्या.

स्क्रू कोणता, हे न बघता फिरवणं

स्क्रू स्लाइडच्या (कार्बमधल्या वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर सोडला की मिश्रण लीन. आरएक्सच्या मिकुनी कंपनीच्या कार्बवर हा असतो. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर सोडला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. बहुतेक सीव्ही (व्हॅक्यूमने स्लाइड उचलणाऱ्या) कार्बवर हा सापडतो. एका गाडीवर तयार झालेला हात दुसऱ्या गाडीवर नेमका उलटं करून बसतो.

हाच स्क्रू पायलट जेटबद्दलही सांगतो. इंजिन पूर्ण गरम करा, स्क्रू अलगद बंद करून साधारण दीड फेरा सोडा आणि सर्वात चढा, स्वच्छ स्लो कुठे मिळतो ते शोधा. हवेचा स्क्रू एका फेऱ्याच्या आतच राहिला तर पायलट लहान पडतोय. तीन फेऱ्यांपर्यंत गेला तर मोठा आहे. पेट्रोलच्या स्क्रूला हे उलट लावा.

नंबरवर आंधळा विश्वास

ऑपेरा हाऊसच्या गल्लीत किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर जेट मागताना नुसतं "११० द्या" म्हणू नका. केहिन या दुसऱ्या कार्ब कंपनीचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी जेटचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहाचा. दोन्ही ११० सारखे नसतात. नंबर नसलेला नकली जेट फुकट दिला तरी घेऊ नये. १०० वरून १०५ ही उडी छोटी वाटते, पण व्यास ५ टक्के वाढला की भोकाचं क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. म्हणून एका वेळी एकच पायरी, एकच बदल. आणि जेट तारेने साफ करू नका. पितळ मऊ असतं. तार दोनदा फिरली की तुमच्या १०० नंबरचा भलताच काही नंबर झालेला असतो. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

पेट्रोल बदललंय, हे विसरणं

जुन्या गाड्यांचं मूळ सेटिंग इथेनॉलविरहित पेट्रोलचं. पूर्ण ज्वलनासाठी त्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट, आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तोच जेट, तीच हवा, आणि गाडी आपोआप थोडी लीन. त्यावर फ्री-फ्लो आणि कोन फिल्टर आले की टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होण्याचा धोका खरा असतो. ऑइल पंप बंद करून टाकीत ऑइल मिसळणाऱ्यांनी आणखी सांभाळा: ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण रिच होत नाही, लीन होतं.

कोन फिल्टरबद्दल माझं मत वाईट आहे. रोजच्या गाडीला कंपनीचा एअरबॉक्सच बरा. जुलैत हिंदमाताच्या पाण्यातून कोन फिल्टरची गाडी काढून बघा म्हणजे पटेल.

प्लग कधी बघायचा

ट्रॅफिकमधून घरी येऊन काढलेला प्लग फक्त स्लोची गोष्ट सांगतो. मेन जेट तपासायचा तर पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर जाऊन, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि मग प्लग काढायचा. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतूवर बाइकला बंदी आहेच. घोडबंदरला गायमुखच्या चढावर रस्ता मोकळा असेल तेव्हा खालच्या गिअरमध्ये हे वेगमर्यादेत जमतं.

पीयूसीचं रीडिंगही स्लोवरच घेतात, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर मेन जेटला हात न लावता पायलट आणि स्क्रू बघा. पीयूसी मिळाली म्हणून फ्री-फ्लो कायदेशीर होत नाही, हेही लक्षात असू द्या. मुंबई वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले आहेत.