तापीच्या वाळूत अख्खं गाव उतरवायचं असेल तर

ब्रिटन आणि आयर्लंडच्या ३२ किनाऱ्यांवर ११ नोव्हेंबर २०१८ ला चित्रपट दिग्दर्शक डॅनी बॉयलच्या कल्पनेतून पहिल्या महायुद्धातल्या माणसांचे मोठे चेहरे वाळूत काढले होते, बाजूला आकृत्या काढायला येईल त्याला मोकळीक, आणि भरती आली की सगळं पुसलं. आता आपल्या खान्देशात कुठला समुद्र, पण तापी आहे ना भो, आणि उन्हाळ्यात वाळू उघडी पडते, तिथं आपल्या गावानं पण असंच करता येईल.

विषय शोधत बसू नका. आपल्याकडं कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी सुरतला आहे, उधना म्हणा लिंबायत म्हणा, आणि तापी पण तिकडंच जाते. तर ज्या घरातलं माणूस बाहेर गेलंय त्या घरानं त्याची आकृती काढायची, बस. यापेक्षा लांबडं काही सांगितलं तर लोकं मागं उभी राहून बघत बसतात आणि मग ते नेहमीचंच स्टेज-प्रेक्षक होतं. दवंडी पण अहिराणीतच, "तुम्हना घरमा कोन सुरतले शे?" एवढं विचारलं तरी बाया बोलत्या होतात.

दिवस आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपासचा धरा, कारण तेव्हा लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि गौराईच्या गाण्यांना वेगळी प्रॅक्टिस लागत नाही, त्या गातीलच. फक्त दुपार टाळा, ४५ डिग्रीत वाळूवर पाय टेकत नाही, साडेपाचनंतर सुरू करा.

जागा मात्र नीट बघा. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजांच्या मागं पाणी तुंबलेलं असतं, तिथं वाळू मिळणार नाही. हतनूर धरणाच्या खालच्या गावांनी आवर्तन (धरणातून सोडायचं पाणी) सुटणार आहे का ते पाटबंधारेवाल्यांना विचारूनच तारीख ठरवा, यात हयगय नको. जवळ पूल असला तर फारच बरं, मोठी आकृती वरूनच कळते, खालून नुसत्या रेघोट्या दिसतात. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, तलाठ्याच्या कानावर घाला की वाळू उचलत नाही आहोत (ट्रॅक्टर तर काठाला पण आणू नका, उगाच संशय), भोंगा लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी आणि रात्री दहाला बंद.

काढायचं कसं तर कागदावर चित्र, त्यावर एक-एक सेंटीमीटरचे चौकोन, आणि वाळूवर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या रोवून दोरीनं एक-एक मीटरचे, मग एकेक चौकोन बघून उतरवायचा. दाताळं ओढलं की वरची कोरडी वाळू बाजूला होते आणि खालची ओली गडद दिसते, रंग आणायची गरजच नाही. पाण्यापासून फार लांब गेलात तर खाली पण कोरडीच निघेल, म्हणून आधी हातानं उकरून बघा. म्हाताऱ्यांना वाकवत नसेल तर काठी द्या, त्यांनी नुसती बाह्यरेषा ओढावी.

आकृती झाली की त्या माणसाला तिथूनच व्हिडीओ कॉल लावायचा, हाच खरा कार्यक्रम समजा. पात्रात रेंज येते का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

आपल्याकडं भरती नाही त्यामुळं चित्रं वाऱ्यानं नाहीतर पावसाच्या पाण्यानं जातील, शेळ्या पण फिरतील त्यावरून, फिरू द्या. काड्या-दोऱ्या तेवढ्या अंधार पडायच्या आत गोळा करा. आणि वरण-बट्टी सगळं झाल्यावरच वाढा, आधी वाढली तर अर्धं गाव बट्टी चुरून तिथंच आडवं होईल.