माशाच्या तेलाची बाटली आधी उलटी करून वाचावी

फोंड्याला माझी फार्मसी आहे. माशाच्या तेलाच्या पिवळ्या, पारदर्शक गोळ्या मागायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या कोणाच्या तरी सांगण्यावरून, स्वतःच्याच मनाने घेत असतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते तो घरी आठवड्यातून किती वेळा बांगडे किंवा तारले होतात, हा. ज्यांच्या घरी आठवड्याला दोनदा असे तेलकट नुस्ते शिजते, त्यांना डॉक्टरांनी काही विशिष्ट कारणासाठी सांगितले नसेल तर या गोळीची सहसा गरज नसते. शंभर ग्रॅम तेलकट तारल्यांतून जेवढे ओमेगा-३ मिळते तेवढे मिळवण्यासाठी साध्या गोळ्या तीन-चार तरी घ्याव्या लागतात.

ही तीन-चारांची गोष्ट बाटलीच्या मागच्या बाजूला लिहिलेली असते. गेल्या पावसात एक निवृत्त मास्तर मुलाने दुबईहून पाठवलेली बाटली घेऊन आले. पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम असे छापलेले होते. "रोज एक ग्रॅम घेतो मी, बाई," असे ते समाधानाने म्हणाले. आम्ही बाटली उलटी करून दाराच्या उजेडात धरली, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरे वाचली: ईपीए १८० मिलिग्रॅम, डीएचए १२० मिलिग्रॅम. ज्यांच्यासाठी ही गोळी घ्यायची ती ओमेगा-३ मेदाम्ले हीच दोन, आणि त्यांची बेरीज झाली ३००. उरलेले ७०० मिलिग्रॅम म्हणजे माशाची इतर चरबी. म्हणून बाटली विकत घेताना पुढचा आकडा सोडून द्यावा आणि ईपीए व डीएचए यांची बेरीज तेवढी पाहावी. हे आकडे एका गोळीचे आहेत की दोन गोळ्यांचे, हेही त्याच तक्त्याच्या वरच्या ओळीत लिहिलेले असते. आपल्याकडे या गोळ्या बहुधा औषध म्हणून नव्हे, तर अन्नपूरक म्हणून विकल्या जातात, त्यामुळे वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख आहे ना, हे तपासून घ्यावे. हे दोन्ही आकडे नसलेली बाटली, मग ती कितीही प्रेमाने कोणी पाठवलेली असो, मी कोणालाही वापरू देणार नाही.

आता उपयोगाविषयी. हृदयविकार टाळण्यासाठी म्हणून निरोगी माणसाने रोज एक गोळी घ्यावी, ही समजूत फार पसरली आहे, परंतु मोठ्या चाचण्यांनी तिला आधार दिलेला नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या व्हायटल चाचणीत रोज एक ग्रॅमची गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही, आणि कर्करोगाचेही झाले नाही. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही रुग्णांवरील असेंड चाचणीतही हृदयाच्या बाबतीत असेच दिसून आले. मधुमेहासाठी किंवा डोळे कोरडे पडतात म्हणून या गोळ्या मागणाऱ्यांनाही मला निराश करावे लागते, कारण त्या साखर खाली आणत नाहीत आणि कोरड्या डोळ्यांवरच्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

खात्रीने सांगता येईल असा उपयोग ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी कमी करण्याचा आहे. दिवसाला ४ ग्रॅम ईपीए-डीएचए घेतल्यास ट्रायग्लिसराइड साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरते, आणि ते डेसिलिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलेले असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असल्याने हे उपचार महत्त्वाचे ठरतात. मात्र ४ ग्रॅम ही औषधाची मात्रा आहे, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी, कारण डीएचए असलेल्या तेलाने काही रुग्णांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. शुद्ध ईपीएच्या औषधाने, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांमध्ये हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले, तर ईपीए-डीएचए मिश्रणाच्या तेवढ्याच मात्रेने १३,०७८ रुग्णांवर २०२० सालच्या स्ट्रेंथ चाचणीत काहीही लाभ दाखवला नाही. तज्ज्ञांमध्ये यावर अजून वाद आहे आणि काउंटरवर उभे राहून आपण तो सोडवू नये.

गरोदरपणी ओमेगा-३ चा फायदा मात्र मला मोलाचा वाटतो. २०१८ साली सत्तर चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ३४ आठवड्यांपूर्वीच्या बाळंतपणांचे प्रमाण ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. येथे एक गफलत मी वारंवार पाहते: माशाच्या तेलाऐवजी कॉड लिव्हर ऑइल नेले जाते. ते माशाच्या यकृताचे तेल असते, त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते, आणि या जीवनसत्त्वाची अतिरिक्त मात्रा गर्भाला अपाय करू शकते, म्हणून गरोदर बाईने ते घेऊ नये. तिने मोरी, म्हणजे शार्क मासाही टाळावा, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बांगडे आणि तारले लहान असल्याने त्या बाबतीत पुष्कळ सुरक्षित आहेत.

मास्तरांकडे परत येते. बाटली वाचून झाल्यावर त्यांच्या पिशवीतल्या इतर औषधांची चिठ्ठी मी मागून घेतली, तर त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि ते वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत होते. दोन महिने ते दोन्ही एकत्र घेत होते आणि डॉक्टरांना याची कल्पना नव्हती. नेहमीच्या लहान मात्रेने मोठा रक्तस्राव होतोच असे नाही, तरीही रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये, आणि शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल तर ती घेत असल्याचे आधी सांगावे. मास्तर दुसऱ्याच दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून आले.

दुसरा धोका कमी बोलला जातो. २०२१ साली ८१,००० हून अधिक रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दिवसाला एक ग्रॅमहून जास्त ओमेगा-३ घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका ४९ टक्क्यांनी वाढलेला आढळला. छातीत अचानक धडधड सुरू झाल्यास गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे. मासळीची अॅलर्जी असलेल्यांनीही आधी विचारावे.

गोळी जेवणानंतर लगेच घ्यावी. रिकाम्या पोटी माशाचे ढेकर येतात आणि तेल नीट पचतही नाही. श्रावणात नुस्ते न खाणारे काही जण गोळीचे काय करायचे, असे विचारतात. स्वतःहून घेतलेली गोळी महिनाभर थांबवल्याने काही बिघडत नाही, आणि शाकाहारींसाठी शैवालाचे डीएचए मिळते, मात्र त्या गोळीचे कवच जिलेटिनचे नाही ना, हे पाहावे. जून-जुलैत ट्रॉलर बंद असताना हृदयासाठी गोळी आणि जेवताना रोज खारा बांगडा, असे करणाऱ्यांनी मात्र आधी मीठ कमी करावे, विशेषतः रक्तदाब असेल तर.

आपल्याकडच्या दमट उकाड्यात हे तेल लवकर खवट होते. बाटली शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नये, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिन्यातून एकदा एक गोळी बशीत कात्रीने कापून वास घ्यावा. माशाचा सौम्य वास यावा. जुन्या रंगासारखा किंवा उग्र, नाकात झोंबणारा वास आला तर उरलेल्या गोळ्यांसह ती बाटली टाकून द्यावी.