पळणं, पोहणं आणि जिम: वजन उतरवायचंय तर सुरुवात कुठून करायची

वजन कमी करायचं मनावर घेतलं की बहुतेक जण बूट आणतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला सुटतात. मीही तेच केलं होतं. वय ४१, वजन ९४ किलो, आणि पहिल्याच दिवशी पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर छाती फुटेस्तोवर पळालो, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. बाराव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला, हाडाला लागून, असं ठणकायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. मग तीन आठवडे घरी बसून, आणि उतरलेलं दीड किलो परत अंगावर.

नंतर कळलं की दम थोड्याच आठवड्यांत वाढतो पण हाडं, सांधे आणि स्नायूंना धरणारे दोर तयार व्हायला महिने लागतात. पळताना एकेका पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, म्हणजे ९० किलोच्या माणसाचा पाय दर पावलाला दोनशे किलोच्या आसपास झेलत असतो. म्हणून तिन्ही गोष्टी करा, पण ह्या क्रमानं: आधी चालणं आणि जिम, मग पाणी, आणि पळणं सगळ्यात शेवटी. मी दुसऱ्यांदा असंच केलं आणि चौदा महिन्यांत ९४ वरून ७८ वर आलो, आणि अजून तिथंच आहे.

सुरू करायच्या आधी

चाळिशी ओलांडलीय, बीपी किंवा शुगर आहे, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन या. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर हे फारच महत्त्वाचं, कारण व्यायामानं शुगर एकदम खाली येऊ शकते आणि डोस बदलायची वेळ येते. व्यायाम करताना छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही.

मग एक टेप घ्या आणि कमरेचं माप लिहून ठेवा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ धरतात. वजनकाटा आठवड्यातून एकदाच, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. रोज काट्यावर उभं राहू नका, कारण मीठ, पाणी, आदल्या रात्रीचं जेवण एवढ्यानंच एक-दोन किलो इकडचं तिकडं होतं आणि माणूस उगाच खचतो.

आधी ताटाचं बघा

हे मी मुद्दाम पहिलं सांगतोय. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. आणि पळण्याचा हिशोब असा की साधारण दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक कॅलरी जळते, म्हणजे ८५ किलोचा माणूस ५ किलोमीटर पळाला तर सव्वाचारशेच्या आसपास. एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. म्हणजे घाम गाळून टेकडीवरून उतरलात आणि खाली गाडीवर एक वडापाव नि एक कटिंग घेतलात की पळण्याचा बहुतेक भाग तिथंच संपला. नुसत्या व्यायामावर वजन उतरवणारे लोक म्हणूनच थकतात.

दिवसाला ५०० कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोला जरा कमी उतरतं, आणि एवढंच पुरे. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. चहाचंच बघा, दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, दीडशेच्या वर कॅलरी फक्त साखरेच्या. मी आधी दोनाचा एक चमचा केला, मग महिन्याभरानं अर्धा. जेवताना आधी कोशिंबीर नि भाजी, मग उसळ-आमटी, आणि भाकरी-चपाती मोजून. भात बंद करू नका, वाटीनं वाढून घ्या. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी हलकी म्हणून दोन प्लेट खाल्ली जाते, पण तो निव्वळ स्टार्च, वर शेंगदाण्याचं कूट नि तूप.

प्रोटीन मात्र वाढवावं लागतं, नाहीतर वजनासोबत स्नायूही उतरतात आणि अंग सैल दिसतं. वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम धरा, फक्त किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शाकाहारी माणसाला सोयाबीनच्या वड्या, मटकी, हरभरा, दही ह्यांच्यावरच भर द्यावा लागेल. मला एका ट्रेनरनं पहिल्या आठवड्यातच पावडरचे दोन डबे गळ्यात मारले होते, साडेसहा हजारांचे. पावडर वाईट नसते, पण ताटातनं भागत नसेल तेव्हाची ती गोष्ट आहे.

पहिले दोन महिने: चालणं आणि जिम

आठवड्यातून चार दिवस भरभर चालायचं, तीस ते चाळीस मिनिटं. भरभर म्हणजे किती, तर शेजारच्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. टेकडी जवळ असेल तर फारच उत्तम, चढाला हृदय पळण्याइतकंच काम करतं आणि गुडघ्यावर आदळआपट नाही. उतरताना पावलं छोटी टाका.

जिम दोन दिवस, नंतर तीन. मोठं पॅकेज घेऊ नका, जानेवारीत बारा महिन्यांची फी भरून मार्चमध्ये दिसेनासे झालेले लोक प्रत्येक जिममध्ये आहेत. तीन महिन्यांचं घ्या, घरापासून दहा मिनिटांच्या आत असलेलं घ्या.

तिथं गेल्यावर आज छाती, उद्या दंड असं नवख्यानं करू नये, सगळं अंग एकाच दिवशी करायचं. बैठक म्हणजे स्क्वॉट, वाकून उचलायचा एक प्रकार म्हणजे हलका डेडलिफ्ट, छातीनं ढकलायचा म्हणजे बेंच प्रेस किंवा नुसते जोर, पाठीनं ओढायचा म्हणजे लॅट पुलडाऊन किंवा रोइंग, आणि शेवटी प्लँक, म्हणजे कोपरांवर नि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवायचं. प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, दर सेटला आठ ते दहा वेळा. वजन असं निवडायचं की दहावं मारल्यावर अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. तिन्ही सेटमध्ये दहा पूर्ण झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, आणि हे वहीत लिहा, मोबाईलमध्ये लिहायला गेलं की माणूस व्हॉट्सॲप बघत बसतो. रिकामा रॉड मोठा असेल तर २० किलोचा असतो, पण गल्लीतल्या जिममध्ये दहा-पंधराचेही असतात, तेव्हा विचारून घ्या.

स्क्वॉट पहिल्या दिवशी रॉड घेऊन करूच नका. मागं एक स्टूल ठेवा, पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा जमिनीला चिकटवून, संडासला बसताना जशी कंबर मागं जाते तशी न्यायची, स्टूलला टेकल्यासारखं करायचं नि उठायचं. गुडघे आत वळायला लागले की थांबा. पंधरा-पंधराचे तीन सेट असे नीट निघाले की मग हातात डंबेल.

बायकांना वाटतं वजन उचललं की अंग पुरुषी होईल. होत नाही, तसं अंग कमवायला पुरुषांनाही वर्षं घालवावी लागतात. उलट चाळिशीनंतर बायकांची हाडं विरळ होत जातात, त्यावर वजन उचलणं हा चांगला उपाय आहे, माझ्या बायकोनं माझ्यानंतर सुरू केलं आणि आता तिचा डेडलिफ्ट ५० किलोचा आहे. आणि पोटाचे व्यायाम करून पोट जात नाही, चरबी कुठून आधी उतरणार ते शरीर ठरवतं, पुरुषांचं पोट बहुतेक वेळा शेवटी जातं.

दुसऱ्या महिन्यापासून: पाणी

गुडघे दुखणाऱ्या, जड अंगाच्या माणसाला पोहण्यासारखं दुसरं काही नाही, पाणी शरीराचा बराचसा भार उचलून धरतं. पण आमच्यासारख्या गावाकडून आलेल्यांची एक अडचण असते. मी साताऱ्याकडे विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून, चुलत्यांनी वरनं ढकलून दिलं नि मी आपोआप हातपाय मारले. सूर मारता येतो, मुटका मारता येतो, म्हणून वाटायचं आपल्याला पोहता येतं. पुण्यात तलावावर गेलो आणि २५ मीटरची एक फेरी मारून कठड्याला लटकलो, दुसरी निघेना.

कारण विहिरीत आपण मान वर काढून पोहतो. मान वर आली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि माणूस पाण्यात आडवा न राहता तिरका होऊन पाणी ढकलत बसतो, सगळी ताकद त्यातच जाते. तेव्हा येत असलं तरी पहिला आठवडा श्वासाला द्या. उथळ बाजूला उभे राहा, कठडा धरा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडातनं सावकाश बुडबुडे सोडा, पूर्ण रिकामं होईपर्यंत. मग मान वर न उचलता कुशीला वळवा, एक कान पाण्यातच राहिला पाहिजे, आणि तोंडानं श्वास घ्या. असं वीस-तीस वेळा. बहुतेकांना दम लागतो तो हवा कमी मिळते म्हणून नव्हे, आतली हवा सोडलेलीच नसते म्हणून. मग किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, धरून पाय मारा, पाय कमरेतनं हलवायचे, गुडघ्यातनं सायकल नाही चालवायची.

हे बसलं की २५ मीटर पोहा, अर्धा मिनिट थांबा, परत २५. पहिल्यांदा आठ वेळा, म्हणजे २०० मीटर झाले. दर आठवड्याला दोन-दोन वाढवत वीसपर्यंत न्या, पाऊण तासाच्या बॅचमध्ये ५०० मीटर निवांत होतात. अजिबात पोहता येत नसेल तर कोचची बॅचच लावा, लाज कसली, माझ्या बॅचमध्ये साठीच्या एक काकू महिन्याभरात तरंगायला शिकल्या. एप्रिल-मेमध्ये मुलांची एवढी गर्दी असते की हात मारायला जागा नसते, जूननंतर जा. गॉगल आणि कॅप घ्याच, आत जायच्या आधी अंघोळ करा.

एक धोका सांगून ठेवतो. पाण्यातनं बाहेर आलं की भूक अशी खवळते की काय सांगू, आणि आमच्या तलावाच्या गेटसमोरच भज्यांची गाडी. पिशवीत मूठभर फुटाणे किंवा दोन उकडलेली अंडी ठेवा आणि ते खाल्ल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.

तिसऱ्या महिन्यानंतर: पळणं

आता पाय तयार झालेत. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पायाच्या अंगठ्यापुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. महागच पाहिजेत असं नाही, पण पायाला आरामशीर वाटले पाहिजेत.

आठवड्यातून तीनच दिवस, लागोपाठ नाही. आधी पाच मिनिटं चालायचं. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा, शेवटी परत पाच मिनिटं चाला. दोन आठवडे हेच, जास्त जमत असलं तरी हेच. पुढचे दोन आठवडे दोन मिनिटं पळा, दोन चाला, सहा-सात वेळा. मग चार मिनिटं पळून दोन चालायचं, पाच वेळा. मग आठ मिनिटांचे तीन तुकडे. नवव्या-दहाव्या आठवड्याला वीस मिनिटं न थांबता पळता येतात. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा.

वेग इतका कमी ठेवा की लाज वाटावी. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एकेक शब्द तुटत असेल तर हळू व्हा. पावलं छोटी नि पटापट, पाय अंगाच्या फार पुढं टाकला की टाच ब्रेकसारखी आपटते नि तीच कळ गुडघ्यात जाते. शक्य असेल तर मातीवर पळा. रस्त्यावर पळणार असाल तर उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसली पाहिजे, आणि अंधारात फिकट कपडे. कुत्री अंगावर आली तर पळू नका, थांबा, त्यांच्याकडे तोंड करून हळूहळू मागं सरका. सुती बनियन घामानं भिजलं की काखेत आणि मांड्यांना सोलवटतं, तिथं आधीच व्हॅसलिन लावा.

स्नायू दोन दिवस जड वाटणं ठीक आहे. पण एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा पळताना दुखणं वाढत जात असेल, तर तो आठवडा पोहायला जा. तिन्ही गोष्टी हाताशी असण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच, की एक बंद पडली तरी आठवडा रिकामा जात नाही.

आठवडा कसा लावायचा

माझा असा आहे: सोमवार जिम, मंगळवार पळणं, बुधवार पोहणं, गुरुवार जिम, शुक्रवार पळणं, शनिवारी सुट्टी आणि झोप, रविवारी टेकडीवर लांब, अर्धं पळत अर्धं चालत. हा सहा महिन्यांनंतरचा आठवडा आहे, पहिल्या महिन्यात असा लावला तर मोडणारच. शिफ्ट असेल, लहान मुलं असतील तर चार दिवस धरा, दोन जिम आणि दोन बाकीचं.

सहा महिने झाले की मित्र हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरायला लावतात, आमच्याकडं तर साताऱ्याची, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून परत. मी दुसऱ्या वर्षी गेलो नि डोळ्यांत पाणी आलं शेवटच्या उताराला. पण पहिल्या वर्षी ५ आणि १० किलोमीटरच करा.

मधे गणपती-दिवाळी येईल, आजारपण येईल, दहा-पंधरा दिवस बुडतील. परत येताना सोडलं तिथनं सुरू करायचं नाही, पळण्यात दोन आठवडे मागचा तक्ता घ्यायचा, जिममध्ये वजन एक पंचमांश कमी करायचं, आणि काट्यावर पहिल्या आठवड्यात उभंच राहायचं नाही.