नव्या खेळाडूची पहिली जादूची वस्तू: चवथीनंतरच्या रविवारची तयारी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावरच्या पहिल्या रविवारी गोव्यातल्या डिचोलीचा माझा मावसभाऊ आमच्या फोंड्याच्या टेबलावर खेळायला येणार आहे. अकरावीत आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन, फासे टाकून मिळून कथा रचायचा खेळ, कधी खेळलेला नाही, पण गावच्या जत्रेतल्या नाटकात तीन वर्षं काम करतो. आमचं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन पुढे जाणारी एकच कथा, वर्षभर चालू आहे, ती चालवणारी डीएम मी आहे आणि चौघंही खेळाडू पाचव्या लेव्हलला पोचलेत. त्यांच्यात त्याला पहिल्या लेव्हलचा घेऊन बसवलं तर पहिल्याच मारामारीत तो आडवा होईल. म्हणून तोही पाचव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, घेऊन येईल, आणि बाकी चौघांकडे एकेक दोन दोन जादूच्या वस्तू असताना त्याचे हात रिकामे राहू नयेत असं मला मनापासून वाटतं. आम्ही २०१४ चे नियम वापरतो. २०२४ ची सुधारित पुस्तकं तुमच्याकडे असतील तर काही तपशील बदलतील, पण तयारीचा क्रम हाच ठेवा.

सगळ्यात आधी फोन. "तुला कुठली वस्तू हवी?" असं विचारू नका, ज्यानं यादीच पाहिली नाही तो काय सांगणार? मी विचारलं, "समज, रात्री एका वाड्यात शिरायचंय आणि दारात दोन पहारेकरी आहेत. तू काय करशील?" तो लगेच म्हणाला, "ताई, मी तिसरा पहारेकरी होऊन जाईन, पाळी बदलायला आलोय म्हणून." हे वहीत उतरवून घ्या. असे दोन-तीन प्रश्न पुरतात: दरी आली तर, भुकेला राक्षस समोर आला तर, कुणी खोटं बोलतंय असा संशय आला तर. उत्तरांतली क्रियापदं अधोरेखित करा. माझ्या वहीत "सोंग घेईन", "अडवून धरीन" आणि "बोलत ठेवीन" अशी तीन आली. पुढची सगळी निवड या तीन शब्दांवर उभी आहे.

मग जुन्या चौघांची झडती घ्या. कुणाकडे काय आहे, त्यातलं किती अट्यून केलेलं (स्वतःशी जोडून घेतलेलं) आहे, आणि कुणाला अंधारात दिसतं. हा शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. भावाला माणूसच खेळायचा आहे आणि माणसाला अंधारात दिसत नाही. बाकी टोळीत एक एल्फ, एक ड्वार्फ, दोन हाफ-एल्फ, सगळे अंधारात दिसणाऱ्या जमातींचे. त्यांनी गेल्या वर्षभरात मशाल पेटवलेली नाही. पहिल्याच गुहेत चौघं बिनधास्त पुढे जातील आणि नवा मुलगा दारात चाचपडत राहील. गॉगल्स ऑफ नाइट दिले की ६० फुटांपर्यंत दिसतं, पण एवढ्यासाठी त्याची मुख्य वस्तू खर्च करणं मला पटत नाही.

पुढच्या दोन सेशनमध्ये तुम्ही कुठले शत्रू आणणार आहात तेही याच वेळी तपासा. माझ्याकडे सत्तरीसारख्या दाट रानात वाघाचं रूप घेणारी माणसं आहेत. २०१४ च्या नियमांत त्यांना साध्या शस्त्राची जखम होत नाही. शस्त्र जादूचं तरी हवं किंवा चांदीचा मुलामा दिलेलं तरी. फायटरच्या हातात साधी तलवार असली तर अख्खी मारामारीभर त्याचे वार लागतील आणि नुकसान शून्य. नव्या माणसाला याहून वाईट अनुभव नाही. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय मला सापडला: मून-टच्ड सोर्ड. दुर्मिळतेत सगळ्यात खालच्या, कॉमन दर्जाची तलवार, अट्यूनमेंट लागत नाही, अंधारात म्यानातून काढली की १५ फूट लख्ख उजेड आणि त्यापुढे १५ फूट मंद उजेड पडतो, आणि ती जादूचं शस्त्र म्हणून धरली जाते. हल्ल्यात किंवा नुकसानीत एकाही आकड्याची भर नाही. ही मी त्याच्या सामानातच धरते.

आता मुख्य वस्तू. पुस्तकातल्या हिशेबानं पाचव्या ते दहाव्या लेव्हलला सुरू होणाऱ्या पात्राला नेहमीच्या सामानाबरोबर ५०० सोन्याची नाणी आणि दहा बाजूंच्या फाशावर येईल त्याच्या २५ पट नाणी मिळतात, आणि जादू भरपूर असलेल्या जगात वर एक अनकॉमन, म्हणजे कॉमनच्या वरच्या दर्जाची, वस्तू. तेव्हा अनकॉमनच्या यादीतच शोधा. पण अनकॉमन हा शब्द ताकदीचं माप समजू नका. ब्रूम ऑफ फ्लाइंग, म्हणजे उडणारी केरसुणी, अनकॉमन आहे, तिला अट्यूनमेंटही लागत नाही, आणि ती मिळाल्यापासून तुमची प्रत्येक दरी, प्रत्येक तटबंदी आणि जमिनीवरून धावणारा प्रत्येक शत्रू निकालात निघतो. विंग्ड बूट्सना अट्यूनमेंट लागते, पण बाकी तेच. एकूण चार तास उडता येतं. जुन्या खेळाडूला मी या देईन. नव्याला अजून दरीपुढे अडायचं कसं असतं हेच कळायचं आहे.

यादीतून काय काढून टाकायचं ते भराभर उरकता येतं. शापित वस्तू नकोत. ज्याला खेळच नवा आहे त्याचा विश्वास पहिल्या दिवशी मोडू नये. पत्त्यांचा तो प्रसिद्ध जोड, डेक ऑफ मेनी थिंग्ज, कॅम्पेनच उलथवू शकतो. सात चार्ज (वापराचा साठा), रोज पहाटे एक सहा बाजूंचा फासा अधिक एक इतके परत, शेवटचा चार्ज वापरल्यावर वीस बाजूंच्या फाशावर एक आला तर कांडीची राख: मॅजिक मिसाइलच्या कांडीचा हा हिशेब जादूगाराला शोभतो, पहिल्यांदा फासे हातात धरणाऱ्याला नाही. गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवरनं ताकद १९ होते, पण फायटरनं आधीच १८ वर नेलेली असेल तर फरक फक्त कागदावर.

राहिले ते +१ वाले, म्हणजे फाशाच्या आकड्यात एकची भर घालणारी शस्त्रं. यावर थोडं थांबते, कारण बहुतेक डीएमचा हात आधी तिकडेच जातो. वीस बाजूंच्या फाशावर एकची भर म्हणजे पाच टक्के. वीस वार केले तर एखाद्या वेळी ती भर उपयोगी पडणार, नुकसानीत एकेक अंक वाढणार. तीन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला मी पहिल्याच दिवशी +१ तलवार दिली होती. चौथ्या सेशनला लक्षात आलं की ती बेरीज करायचीच विसरते. आपली तलवार जादूची आहे हे तिला आठवतसुद्धा नव्हतं. त्या तलवारीनं तिला करायला काहीच नवं दिलं नव्हतं. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: वस्तू हातात आल्यावर खेळाडूनं "मी हिनं असं करू का?" असं विचारलं पाहिजे.

या कसोटीवर माझ्या मते सगळ्यात खरी उतरते ती इमूव्हेबल रॉड. लोखंडी दांडा, टोकाला बटण. बटण दाबलं की दांडा आहे तिथं अधांतरी थांबतो आणि ८००० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३६०० किलो, भार पेलतो. त्याहून जास्त भार आला तर सुटून खाली पडतो. हलवायचाच असेल तर ताकदीच्या तपासणीत ३० यावे लागतात, आणि तेव्हाही तो दहाच फूट सरकतो. अट्यूनमेंट नाही, चार्ज नाहीत. दाराला अडसर, दोर बांधायला खुंटी, मगरीच्या जबड्यात टेकू, पडत्या छताला आधार. मी हे लिहिताना थांबू शकत नाही, तर सोळा वर्षांचा मुलगा कसा थांबेल? माझ्या वहीतल्या त्याच्या "अडवून धरीन"शी ती नेमकी जुळते.

"सोंग घेईन"साठी हॅट ऑफ डिस्गाइज आहे. तिला अट्यूनमेंट लागते, म्हणजे छोट्या विश्रांतीत तासभर वस्तूबरोबर घालवायचा आणि एका वेळी तीनच वस्तू अट्यून ठेवायच्या. नव्या खेळाडूला एकच असल्यामुळे हा नियम शिकवायला उलट सोपा जातो. हॅट डोक्यावर असेपर्यंत हवं तेव्हा, हवं तितक्यांदा रूप बदलता येतं. उंची एक फूट कमी-जास्त होते, पण हात लावून पाहिलं तर फसवणूक उघडी पडते. तिसरी "बोलत ठेवीन"साठी अल्केमी जग, म्हणजे द्रव देणारं जादूचं भांडं: दिवसाला एक द्रव निवडायचा. आठ गॅलन गोडं पाणी, बारा गॅलन खारं पाणी, चार गॅलन बिअर किंवा दोन गॅलन मेयोनेज. पहारेकऱ्यांपुढे बिअरचा जग ठेवून गप्पा मारणारा फायटर मला आत्ताच दिसतोय.

बॅग ऑफ होल्डिंग मात्र मी एकट्याला देत नाही. ५०० पौंड सामान मावतं आणि थैलीचं वजन कायम १५ पौंडच राहतं, हे खरं. पण ती ज्याच्याकडे जाते त्याला सगळी टोळी हमाल करून टाकते, आणि पहिल्याच दिवशी नव्या मुलानं लुटीची वही सांभाळत बसू नये.

वस्तूला आपल्या मातीचा पेहराव चढवा. नियम तसाच ठेवायचा, रूप बदलायचं. पाइप्स ऑफ हॉन्टिंग आमच्या कॅम्पेनमध्ये घुमट आहे: मातीचं भांडं, एका तोंडावर ताणलेलं चामडं, थाप पडली की ३० फुटांतल्या शत्रूंना शहाणपणाच्या (विज्डम) बचावात १५ आणता आले नाहीत तर भीती. चवथीत घुमट आरत्या ऐकत वाढलेल्या पोराला तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. इमूव्हेबल रॉडला मी पितळी मूठ दिली आहे आणि हॅटच्या जागी दशावतारी मुकुट.

वस्तू हातात येते कशी, हेही आधी लिहून ठेवा. माझी सुरुवात खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, आहे: बांध, पलीकडे खारफुटी, आणि भरतीला मिटून ओहोटीला उघडणारी मानशीची (पाणी सोडायच्या झडपेची) लाकडी दारं. एक दार निखळलंय, भरती चढतेय, शेतात खारं पाणी शिरणार. बांधावरच्या राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, घुमटीत (छोट्या देवळीत) चवथीत गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीसारख्या तीन वस्तू टांगलेल्या आहेत आणि राखणदार नव्या पाहुण्याला एक घ्यायला सांगतो. दांडा, मुकुट, जग. तिन्ही काय करतात ते तिथंच सांगून टाका. गुणधर्म लपवून नंतर ओळखायला लावणं जुन्या खेळाडूंसाठी ठेवा. तिन्हींपैकी कुठल्याही वस्तूनं पाणी थोपवायचा किंवा माणसं गोळा करायचा काही ना काही मार्ग निघतो का, हे आदल्या रात्री स्वतःशी खेळून बघा. अल्केमी जगाचा मार्ग मला अजून नीट सुचलेला नाही, पण भावाला सुचेल असा भरवसा आहे. आणि हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात घडू द्या, कारण डिचोलीची परतीची बस वेळेवर सुटते.

जुन्या चौघांना शनिवारीच फोन करा. त्यांना एकच विनंती: त्याच्या वस्तूचा उपयोग त्याला सुचवू नका, त्यानं विचारलं तरच सांगा. आमच्यातली ड्वार्फ खेळणारी मैत्रीण भारी उत्साही आहे, म्हणून तिला दोनदा सांगणार आहे. मुलाला सुद्धा एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, की तीन सेशननंतर वस्तू आवडली नाही तर राखणदाराकडे परत देऊन दुसरी घेता येईल.

शेवटी कार्डं. प्रत्येक वस्तूचं एक, मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाच ओळींच्या आत. सहावी ओळ लागत असेल तर वस्तू त्याच्यासाठी अजून लवकर आहे. पहिल्या ओळीत काय दिसतं, दुसऱ्या ओळीत वापरायला कृती लागते की नाही, मग काय होतं, मग मर्यादा. कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात घाला; भाद्रपदातल्या ओलीनं आमच्याकडे साध्या पुठ्ठ्याला आठवड्यात बुरशी धरते. बरोबर पोशन ऑफ हीलिंगची (जखमा भरणाऱ्या औषधाची) दोन कार्डं, चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन इतकं बरं करणारी. ही वापरून झाली की त्यानं स्वतः फाडायची. वीज गेली तर चार्जिंगचा दिवा, एक टोकदार पेन्सिल, आणि कार्डाची मागची बाजू कोरी: वस्तूचं नाव तो ठेवेल.