परातीतल्या कुरमुऱ्यांतून दीर्घिकांची घडण कशी दाखवावी

पावसाळ्यात ठाण्याचे आकाश आठवडेच्या आठवडे ढगांआड राहते आणि गच्चीवरचे तारे पाहणे बंद पडते. अशा दिवसांत नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतील मुलांना, पहिल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, लहान तुकड्यांतून कशा जुळत गेल्या, हे मी घरातल्या मोठ्या परातीत दाखवतो.

प्रथम पंखा बंद करावा. परातीत दोन बोटे पाणी घेऊन ते संथ झाल्यावर वीस-पंचवीस कुरमुरे मधल्या भागात, एकमेकांत नखाएवढे अंतर राहील असे, पण मुद्दाम कुठे दाट तर कुठे विरळ सोडावेत. काठाजवळचे काठालाच चिकटतात, ते हिशोबात धरू नयेत. हा दाट-विरळपणा महत्त्वाचा आहे. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचे असताना निघालेल्या प्रारणात, म्हणजे त्या वेळच्या प्रकाशात, तापमानाचा फरक लाखात एक भाग इतकाच आढळतो, आणि पुढची सगळी घडण अशा किंचित असमानतेतून झाली.

आता हात न लावता पाहावे. शेजारचे दोन कुरमुरे आधी रेंगाळत आणि शेवटी झटकन एकमेकांना चिकटतात, मग ती जोडी तिसऱ्याला ओढते आणि दाट जागी घोळके तयार होतात. येथे ओढ पृष्ठताणाची आहे, गुरुत्वाकर्षणाची नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. विश्वात आधी गोळा झाले ते कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, जे साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे. त्याच्या गोळ्यांत वायू ओढला गेला, थंड झाला आणि त्यातून तारे पेटले. पहिले तारे जन्मले ते गोळे साधारण दहा लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे होते, तर आपली आकाशगंगा आज कृष्णद्रव्यासह सुमारे एक लाख कोटी सूर्यांएवढी आहे.

यानंतर जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले फायरफ्लाय स्पार्कल या दीर्घिकेचे चित्र दाखवावे. विश्व सुमारे 60 कोटी वर्षांचे असतानाच्या या दीर्घिकेत दहा तारकागुच्छ वेगवेगळे मोजता येतात. मुलांना ते स्वतः मोजू द्यावेत. परातीतला घोळका पाहिलेल्या मुलांना ते चटकन ओळखता येतात.

कुरमुरे चिकटले की जागचे हलत नाहीत, दीर्घिकांचे तसे नसते. गिळली जाणारी लहान दीर्घिका ताणली जाऊन तिच्या ताऱ्यांचे लांब पट्टे होतात. 1994 साली सापडलेली धनू बटुदीर्घिका आजही आपल्या आकाशगंगेत अशीच विखुरत आहे.

सगळे कुरमुरे मिळून एकच गोळा का होत नाही, हा प्रश्न हमखास येतो. परातीत दूरच्या घोळक्यांपर्यंत ओढ पोहोचत नाही. विश्वात मात्र दूरचे समूह प्रसरणामुळे आणखी दूर जातात, म्हणूनच विश्व लहान आणि दाट होते त्या काळात विलीनीकरणे आजच्यापेक्षा फार अधिक होत असत. उत्तर आटोपते घ्यावे, कारण तोवर कुरमुरे भिजून मऊ पडलेले असतात आणि दुसरी मूठ घ्यावी लागते.